ट्रान्सफॉर्मर्स खेळणी: गाडीचा रोबोट नेमका होतो कसा, आणि जमवायची तर काय बघून घ्यायची?

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतो तो महावितरणचा डीपी. पण आज बोलायचंय ते दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल: ट्रकचा रोबोट होणाऱ्या, विमानाचा रोबोट होणाऱ्या खेळण्यांबद्दल. सिनेमे बऱ्याच जणांनी पाहिलेत. खेळणी मात्र बहुतेकांनी दुकानाच्या काचेतून किंवा रील्समध्येच बघितली असतील. रील बघून हे वेड लागतं, मग ऑर्डर टाकली जाते, आणि घरी आलेल्या वस्तूचा हात दुसऱ्याच दिवशी निखळतो. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर खेळण्याच्या आत काय चाललंय ते आधी बघावं लागेल.

जन्म जपानचा, नाव अमेरिकेचं

ट्रान्सफॉर्मर्स हे नाव १९८४ सालचं, अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीचं. खेळणी मात्र त्याआधीच तयार होती. जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन वेगवेगळ्या मालिका होत्या. पहिली डायाक्लोन, १९८० पासूनची. यात गाडीच्या किंवा विमानाच्या आत बसायला साधारण तीन सेंटिमीटरचा छोटा चालक मिळायचा, आणि पुढे १९८२ पासून आलेल्या गाड्या खऱ्या मॉडेल्सवरून १:६० प्रमाणात बनवलेल्या होत्या. दुसरी मालिका मायक्रो चेंज, १९८३ ची. हिची कल्पना वेगळी होती: घरातली नेहमीची वस्तू, तिच्या जवळपास खऱ्या आकारात, आणि तिचाच रोबोट. म्हणजे कॅसेट प्लेअर, मायक्रोस्कोप, कॅमेरा, पिस्तूल.

हॅस्ब्रोने या दोन्हींतली खेळणी उचलली आणि एकाच नावाखाली विकायला काढली. ऑप्टिमस प्राइम, प्राऊल, जॅझ, स्टारस्क्रीम हे डायाक्लोनमधले. मेगाट्रॉन, साऊंडवेव्ह, बंबलबी हे मायक्रो चेंजमधले. जुन्या कार्टूनमध्ये मेगाट्रॉन रोबोट असताना ऑप्टिमसएवढा असतो आणि पिस्तूल झाला की कुणाच्याही हातात मावतो, हे लहानपणी खटकलं असेल तर त्याचं उत्तर इथे आहे. मुळात तो ऑप्टिमसच्या दुनियेतला नव्हताच. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची खेळणी एका गोष्टीत बसवली गेली, आणि गोष्ट लिहिणाऱ्यांनी ते निभावून नेलं.

गोष्ट लिहिली मार्व्हल कॉमिक्सने. ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ'नील यांचं, आणि बाकीच्या बहुतेक पात्रांची नावं व स्वभाव ठरवले बॉब बुडियान्स्की यांनी. सप्टेंबर १९८४ मध्ये कार्टून सुरू झालं. पीटर कलन यांचा ऑप्टिमसचा आवाज तेव्हापासूनचा, आणि २००७ च्या सिनेमातही तोच आहे.

या कार्टूनचा खरा हेतू खेळणी विकणं हा होता, हे विसरायचं नाही. १९८६ च्या ॲनिमेशन सिनेमात जुनी पात्रं धडाधड मारली गेली, कारण दुकानात नवीन मॉडेल्स यायची होती. त्यात ऑप्टिमस मेला आणि थिएटरमध्ये मुलं रडली. कंपनीच्या लेखी ते फक्त जुनं मॉडेल होतं, मुलांच्या लेखी घरातलं माणूस गेलं होतं. पुढे त्याला परत जिवंत करावं लागलं.

दोन आकार, पण भाग तेच

आता मुख्य मुद्दा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे सगळं एका प्रश्नासारखं दिसतं: ठरावीक तुकडे दिलेत. ते एका मांडणीत ट्रक दिसले पाहिजेत आणि दुसऱ्या मांडणीत माणसासारखा रोबोट. एकही तुकडा वेगळा काढायचा नाही, एकही नवा जोडायचा नाही. वर खेळणं पोराच्या हातात टिकलं पाहिजे आणि कारखान्यात स्वस्तात बनलं पाहिजे.

सिनेमात हा प्रश्न येतच नाही. २००७ च्या सिनेमातल्या ऑप्टिमसच्या संगणकीय मॉडेलमध्ये १०,१०८ तुकडे होते. पडद्यावर तुकडे एकमेकांतून आरपार गेले, लहान-मोठे झाले, तरी कोण बघतंय? प्लास्टिकला ही सवलत नाही. टाकाराच्या डायाक्लोनवर काम केलेले शोजी कावामोरी (मॅक्रॉसचं प्रसिद्ध व्हीएफ-१ विमानही त्यांचंच) रूपांतराची कल्पना आधी लेगोच्या विटा जोडून तपासतात, यात नवल नाही. कागदावर सगळंच वळतं, हातात घेतलं की कळतं कोण कुणाला अडतंय.

मग डिझायनर काय करतात? सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे गाडीचा एक भाग थेट शरीराचा एक भाग करायचा. जुन्या ऑप्टिमसमध्ये ट्रकची केबिन हीच छाती आहे, काचा छातीवर येतात आणि मागचा भाग उलगडून पाय होतात. इतकं साधं, की खेळणं कधी हातात न घेतलेल्यालाही ते बघून समजतं. म्हणूनच ती रचना चाळीस वर्षांनंतरही परत परत वापरली जाते.

पण प्रत्येक गाडी इतकी सोयीची नसते. रोबोट झाल्यावर दारं, बॉनेट, चाकं उरतात. ती पाठीवर किंवा हातांवर लोंबत राहतात. या उरलेल्या लोंबत्या भागांना संग्राहक 'किबल' म्हणतात. काही खेळण्यांत तर आत एक बारकुळा रोबोट असतो आणि गाडीचं सगळं कवच फक्त पाठीवर घडी घालून ठेवलेलं असतं, कासवासारखं. त्याला म्हणतात 'शेलफॉर्मर'. फोटोत समोरून झकास दिसतो, बाजूने बघितला की दप्तर घेतलेलं पोरगं. तिसरी पळवाट म्हणजे काही भाग काढून दुसरीकडे लावायला सांगणं, म्हणजे 'पार्ट्सफॉर्मिंग'. माझ्या मते ही चक्क फसवणूक, पण काहींना त्याचं काही वाटत नाही.

आणखी एक गंमत: छातीवर दिसणाऱ्या काचा खऱ्या असतीलच असं नाही. कित्येकदा गाडीची खरी काच पाठीमागे जाते, आणि छातीवर वेगळीच नकली काच बसवलेली असते. विकत घेण्याआधी यूट्यूबवर रूपांतराचा पूर्ण व्हिडिओ बघितला तर हे सगळं दहा मिनिटांत कळतं. खोक्यावरचा फोटो हे कधीच सांगणार नाही.

सांध्यांचेही प्रकार आहेत. एक साधा खिळा घातलेला सांधा, जो घर्षणावर थांबतो. दुसरा बॉल जॉइंट: एका वाटीत बसलेला गोळा. हा जोरात ओढला तर निखळतो, आणि बहुतेक वेळा तो निखळावा असाच केलेला असतो, म्हणजे तुटण्याऐवजी सुटतो. दाबून परत बसवायचा. तिसरा दात्यांचा, कट-कट आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणारा, मोठ्या आणि जड खेळण्यांच्या खांद्यांना व मांड्यांना असतो. तुमच्या हातातला सांधा यातला कोणता, हे ओळखल्याशिवाय जोर लावू नका. दात्यांचा सांधा समजून खिळ्याचा सांधा पिळला की खेळ खल्लास.

आकारांची भाषा

ऑनलाइन दुकानात डिलक्स, व्हॉयेजर, लीडर असे शब्द दिसतात. हे दर्जे नाहीत, आकार आणि किंमतीचे गट आहेत. कोअर म्हणजे साधारण साडेतीन इंच, डिलक्स साडेपाच इंचांच्या आसपास, व्हॉयेजर सात इंच, लीडर त्याहून थोडा मोठा किंवा जास्त सामानासकट. सगळ्यात वर टायटन, काही तर दोन फुटांपर्यंत. हॅस्ब्रोच्या अलीकडच्या बऱ्याच खोक्यांवर रूपांतर किती पायऱ्यांत होतं तेही छापलेलं असतं. नवशिक्याने हा आकडा जरूर बघावा.

याखेरीज मास्टरपीस ही वेगळी मालिका, मोठ्यांसाठीची. तिचा पहिला ऑप्टिमस २००३ मध्ये टाकाराने काढला (२००६ मध्ये टाकारा आणि टोमी या कंपन्या एक झाल्या, म्हणून आता नाव टाकारा टोमी). त्यात भरपूर धातू होता, आकार दणदणीत होता. पण त्याच्याशेजारी त्याच प्रमाणात बाकीच्या गाड्या उभ्या करायच्या तर घर आणि खिसा दोन्ही अपुरे पडले असते. म्हणून २०११ मध्ये एमपी-१० या क्रमांकाने लहान ऑप्टिमस आला आणि पुढच्या गाड्या त्याच्या मापाने बनल्या. १९८४ ला राहिलेला मोजपट्टीचा घोळ निस्तरायला असा पाव शतकाहून जास्त काळ गेला!

या वेडाची वरची मर्यादा बघायची असेल तर २०१९ चा युनिक्रॉन बघा. ग्रह गिळणारा हा राक्षस २७ इंच उंच, किंमत जवळपास ५७५ डॉलर. हॅस्ब्रोने आधी पैसे भरणारे ८,००० लोक मिळाले तरच बनवू असं जाहीर केलं. पहिल्या मुदतीत तेवढे मिळाले नाहीत, मुदत वाढवावी लागली, आणि मग आकडा पार झाला.

खरं, नकली आणि मधलं

नकलेची भीती या खेळण्यांना पहिल्यापासून आहे. बाजारात त्याच काळात टोंका कंपनीचे गोबॉट्स होते (ते जपानच्या बांदाईच्या मशीन रोबो मालिकेवरून आले, नक्कल नव्हे) आणि शिवाय भरपूर बेनामी माल होता. म्हणून १९८५ पासून खऱ्या ट्रान्सफॉर्मर्सवर एक काळपट चौकोनी स्टिकर येऊ लागला. त्यावर अंगठा घासला की उष्णतेने रंग बदलून ऑटोबॉट किंवा डिसेप्टिकॉनचं चिन्ह उमटायचं. आजच्या होलोग्रामचा थोरला भाऊच म्हणा. खोक्याच्या मागे पात्राची ताकद, वेग, बुद्धी यांचा आलेख असायचा, पण लाल गिचमिडीखाली लपवलेला. सोबत मिळणारी लाल पारदर्शक पट्टी ठेवली की लाल रंग नाहीसा व्हायचा आणि आलेख वाचता यायचा. ना बॅटरी, ना चिप!

आज बाजारात तीन प्रकारचा माल आहे. पहिला अधिकृत. दुसरा नॉकऑफ, संग्राहकांच्या भाषेत 'केओ': अधिकृत खेळण्याचा साचा जसाच्या तसा किंवा आकार वाढवून चोरलेला. तिसरा 'थर्ड पार्टी': परवाना नाही, पात्र ओळखीचं, पण रचना त्यांची स्वतःची. त्यामुळे खोक्यावर नाव भलतंच असतं. तिसऱ्या प्रकारात काही वेळा इंजिनिअरिंग अधिकृत खेळण्याच्या तोडीचं असतं, किंमतही तशीच तगडी. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही परवान्याबाहेरच.

केओ ओळखायचा कसा? किंमत हा पहिला इशारा, पण एकमेव नाही, कारण काही विक्रेते नकली माल जवळपास खऱ्या किमतीला लावतात. विक्रेत्याकडे तळव्याचा किंवा मांडीच्या आतल्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागा. अधिकृत खेळण्यावर तिथे बारीक अक्षरात कंपन्यांची नावं आणि हक्काचं साल कोरलेलं असतं. केओमध्ये ती जागा गुळगुळीत असते, किंवा अक्षरं खरवडलेली दिसतात. खोक्यावरची छपाई धूसर आहे का, रंग कडेबाहेर गेलाय का, स्क्रू गंजलेत का, हेही बघा. हातात असेल तर सांधे हलवा. एक खांदा घट्ट आणि दुसरा ढिला असेल तर साचा आणि प्लास्टिक दोन्ही हलकं. विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे बघा. एवढ्यावरून बरंच कळतं.

भारतात घ्यायचं तर दोन नियम माहीत हवेत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. आणि बाहेरून येणाऱ्या बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे परदेशी साइटवरची किंमत रुपयांत बदलून 'अरे, इकडे तर लुटतात' असं म्हणण्याआधी शुल्क, कर आणि कुरिअर मिळवून बघा. मेगाट्रॉनच्या जुन्या पिस्तूलवाल्या रूपाच्या भानगडीत तर पडूच नका. मूळ रूप खऱ्या वॉल्थर पी३८ पिस्तुलासारखं दिसतं, आणि कस्टम्सवाल्यांना ते खेळणं आहे हे पटवून देण्याची वेळ कोणावर येऊ नये. हॅस्ब्रोनेही पुढे मेगाट्रॉनला बऱ्याचदा रणगाडा केलंय.

प्लास्टिकही म्हातारं होतं

जुनं खेळणं घेणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. इथे पैसे बुडतात.

शरीर बहुतेक एबीएस प्लास्टिकचं असतं: कडक, रंग धरणारं. जिथे घर्षण जास्त, तिथे पीओएम, म्हणजे ॲसिटल वापरतात, कारण ते गुळगुळीत असतं आणि झिजत कमी. टोकदार शिंगं वगैरे मऊ पीव्हीसीची, मुलांना टोचू नये म्हणून. पारदर्शक प्लास्टिक दिसायला सुंदर, पण सांध्याच्या जागी ठिसूळ; खिळ्याभोवती पांढरट रेघ दिसली की समजा तडा सुरू झालाय.

सगळ्यात कुप्रसिद्ध आजार म्हणजे 'गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम'. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे काही खेळण्यांत सोनेरी चमक यावी म्हणून प्लास्टिकमध्येच चमकदार कण मिसळले जायचे. असं प्लास्टिक काही वर्षांनी आतून कमकुवत होतं आणि हलकासा ताण आला तरी बिस्किटासारखं मोडतं. १९८८ चा जपानी ब्लॅक झारक यासाठी बदनाम आहे. खोकं न उघडताही फायदा नाही, आत पडल्या पडल्याच ते म्हातारं होतं. 'सीलबंद, एकदम नवा' असं लिहिलेल्या जाहिरातीला म्हणूनच भुलायचं नाही. त्या मॉडेलला हा रोग आहे का, ते आधी शोधा.

पांढरं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवण्याची 'रेट्रोब्राइट' नावाची पद्धत आहे, रंग बराचसा परत येतो. पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, आणि ते रसायन त्वचेला व डोळ्यांना घातक आहे. हातमोजे आणि चष्म्याशिवाय अजिबात नको. रबरी किंवा मऊ पीव्हीसीची चाकं कडक प्लास्टिकला वर्षानुवर्षं चिकटून राहिली तर त्यातलं मऊपणा देणारं रसायन बाहेर येऊन शेजारचं प्लास्टिक वितळवतं. म्हणून ठेवताना मध्ये कागद घाला.

घट्ट सांध्याला सायकलच्या चेनचं तेल लावू नका, काही तेलांनी प्लास्टिकला तडे जातात. सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरतो. ढिल्या बॉल जॉइंटवर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक वार्निशचा पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच वाटीत बसवायचा. नेलपॉलिश रिमूव्हर जवळही आणू नका, त्यातलं ॲसिटोन एबीएस विरघळवतं. आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नाहीतर स्क्रू गंजतात, स्टिकर सुटतात, खोक्याला बुरशी.

फोनवर चालणारा ऑप्टिमस

२०२१ मध्ये रोबोसेन कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने असा ऑप्टिमस आणला जो स्वतःच ट्रक होतो, स्वतःच उभा राहतो. उंची १९ इंच, २७ सर्व्हो मोटर, ६० मायक्रोचिप, पाच हजारांहून जास्त सुटे भाग, आवाज पीटर कलन यांचा, जाहीर किंमत ६९९ डॉलर. बोलून आज्ञा देता येते, आणि फोनवरच्या ॲपमधून त्याच्या हालचाली स्वतः प्रोग्रॅम करता येतात. प्रत्येक सांध्यात एक मोटर बसवायची म्हणजे काय, हे मघाच्या सांध्यांच्या वर्णनावरून लक्षात येईल.

अभियांत्रिकी म्हणून मी याला सलाम करतो. पण जमवायच्या दृष्टीने माझी शंका आहे. १९८४ चा ऑप्टिमस आजही हाताने वळतो. या रोबोटची लिथियम बॅटरी दर वर्षी थोडी थोडी उतरणार, आणि ॲप पुढच्या अँड्रॉइडवर चालेल की नाही ते कंपनीच्या मनावर. घेणार असाल तर फोन घेताना विचारता तेच विचारा: बॅटरी बदलून मिळते का, अपडेट किती वर्षं?

नुसतं बघूनच हात शिवशिवतायत?

बजेट कमी असेल आणि इंजिनिअरिंगचीच मजा हवी असेल तर शेजारचा छंद बघा: गनप्ला, म्हणजे गंडम या १९७९ च्या जपानी ॲनिमे मालिकेवरची जोडायची मॉडेल्स. बांदाईने ती १९८० पासून काढली. आताची बहुतेक गोंदाशिवाय, नुसती दाबून जोडता येतात. हाय ग्रेड म्हणजे सहसा १:१४४ प्रमाण, सुरुवातीला हेच घ्यावं. मास्टर ग्रेड १:१०० आणि जास्त गुंतागुंतीचं. बरीचशी रूप बदलत नाहीत, पण सांधा आतून कसा दिसतो हे स्वतःच्या हाताने जोडताना कळतं. लागतो फक्त एक चांगला निपर, दोन-तीन संध्याकाळी आणि टेबलावरून तुकडे पळवणारं भावंड दूर ठेवायची सोय.

ट्रान्सफॉर्मर्सच घ्यायचा ठरला असेल तर पहिला डिलक्स किंवा व्हॉयेजर घ्या, ज्याच्या पायऱ्या पंचवीसच्या आत आहेत. पहिल्यांदा कागदावरच्या सूचना बघून, सावकाश, पलंगावर बसून रूपांतर करा. फरशीवर पडलेला बारीक तुकडा सोफ्याखाली गेला की सापडत नाही. कुठे अडलं तर जोर न लावता एक पायरी मागे जा. बहुतेक वेळा आधीचा एखादा खटका पूर्ण बसलेला नसतो.